एकशेवीसची घंटी

इचलकरंजीत माझ्या स्कूटरचा काटा कायम चाळीसवर असतो. स्कूटर पळत असली तरी चाळीस, स्टँडवर उभी असली तरी चाळीस, आणि मागं एकदा मिस्त्रीनं इंजिन उतरवून बाकड्यावर ठेवलं होतं, तेव्हाही चाळीस. त्यामुळं वेग या विषयात माझा अधिकार मोठा आहे. पुढं जे सांगणार आहे त्यातलं निम्मं तरी शंभर टक्के खरं आहे. कुठलं निम्मं, ते प्रवासाहून आलेल्या माणसाला विचारू नये, अशी आमच्याकडं रीत आहे.

जानेवारीत मी दुबईला बहिणीकडं गेलो. सुनंदाताई माझी थोरली बहीण. राहायला अल कुसैसला, शारजाच्या हद्दीला इतकी खेटून की ताईनं फोडणी दुबईत घातली तर ठसका शारजात लागावा. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, अरविंदराव, दुबईच्या देरा भागातल्या एका ट्रेडिंग कंपनीत हिशेब बघायचे. बघायचे म्हणतोय, कारण मी गेलो तेव्हा त्यांची नोकरी संपली होती. महिनाअखेरीला सगळं आवरून दोघं कायमची इचलकरंजीला परतणार होती. लेक सई तिथंच कॉलेजला राहणार होती. सोफा गेला होता, फ्रीज बोलून ठेवला होता, आणि राहता राहिली होती गाडी. पांढरी, जपानी, दाजींनी तळहातावरच्या फोडासारखी जपलेली. सोमवारी तिचं गिऱ्हाईक येणार होतं.

आता या गाडीची एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आखातासाठी बनवलेल्या त्या जुन्या गाड्यांत एक घंटी असते. काटा एकशेवीसच्या पुढं गेला की गाडी 'टिंग, टिंग, टिंग' करत राहते, वेग कमी होईपर्यंत. शोरूमवाल्यानं गाडी देताना दाजींना हे सांगितलं, आणि दाजींनी ते मनावर घेतलं. इतकं मनावर घेतलं की ती घंटी त्यांनी आजतागायत ऐकलीच नव्हती. शंभरवर काटा नेऊन ठेवायचा आणि तिथं तो तुळशीपुढच्या दिव्यासारखा स्थिर.

"आपल्या गाडीची घंटी कधी वाजली नाही," हे वाक्य ते आल्यागेल्याला सांगायचे. त्यात गाडीचं कौतुक कमी आणि स्वतःचं जास्त असायचं. परक्या मुलखात राहायचं तर घंटी वाजू द्यायची नाही, हेच त्यांचं ऑफिसातलं, बिल्डिंगमधलं आणि बहुधा स्वप्नातलंही धोरण.

एका सकाळी मी करामा भागात मिसळ खायला गेलो असताना शेजारच्या टेबलावरचा एक मराठी माणूस म्हणाला, "अबू धाबी ओलांडून लिवाच्या बाजूला गेलात ना, की रस्त्याला लिमिटच नाही." मी हे घरी येऊन सांगितलं. थोडी भर घातली, नाही असं नाही. तिथं पोलीसच उलट 'जरा जोरात घ्या, मागं खोळंबा होतोय' म्हणून हात करतात, एवढीच.

दाजी जेवताना घास हातात धरून म्हणाले, "मेहुणे, गाडी सोमवारी जाणार. ती घंटी एकदा ऐकायची आहे."

ताई आमटी वाढता वाढता थांबली. "काय ऐकायचंय?"

"घंटी. आयुष्यात एकदा. कुणाला त्रास न देता, नियम न मोडता, मोकळ्या रस्त्यावर. परवा शनिवारी लिवाला जाऊ."

"अहो, कशाला ते भलतंच? मला बाई भीती वाटते वेगाची. मोबाईलवर ऐका की, असेल कुणीतरी टाकलेली."

"मम्मी, यू आर स्केअर्ड ऑफ स्पीड?" सई म्हणाली, आणि तिला हसण्याचा एवढा मोठा ठसका लागला की मी पाठ थोपटली. पोरीला आमटी तिखट लागली असणार असं मला वाटलं. काय भोळा माणूस मी!

शनिवारी उजाडता उजाडता आम्ही निघालो. पुढं दाजी, त्यांच्या उजव्या हाताला मी, मागं ताई आणि सई, आणि त्या दोघींच्या मधे मानाच्या पाहुण्यासारखा बसलेला डबा: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दह्यातली मिरची, आणि थालीपीठं इतकी की वाळवंटात वाट चुकलो असतो तर त्यांचं घर बांधून राहिलो असतो.

रस्ते काय सांगू! आमच्याकडं रस्त्यातले खड्डे मोजतात, इथं लेन मोजाव्या लागतात. चारपाच मोजेपर्यंत आपण पुढच्या गावाला पोचलेलो असतो. मांडीवर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला घेऊन बसलो होतो, तर त्यातलं पाणी झोपी गेलं. शपथ घेऊन सांगतो, घोरत होतं. ज्यानं कुणी हे डांबर अंथरलं त्याचे हात मिळाले तर एकदा डोळ्यांना लावीन.

दुबई संपून अबू धाबीची हद्द लागली तशी मागून ताई म्हणाली, "अहो, इथून वीसची सवलत खलास हं."

ही सवलत अशी, की दुबईच्या बाजूला पाटीवर शंभर असलं तर त्याच्यावर वीसपर्यंत कॅमेरा डोळे मिटून घेतो. अबू धाबीत पाटीवर जे लिहिलंय तेच, वर चिंचेची गोळीसुद्धा मिळत नाही.

दाजींनी आरशात पाहिलं. "तुला गं काय माहीत?"

"ऐकलंय," ताई खिडकीबाहेर बघत म्हणाली.

अबू धाबी शहराला वळसा घातला आणि आम्ही पश्चिमेचा महामार्ग धरला. हाच रस्ता पुढं सौदीच्या सीमेपर्यंत जातो. शहरं मागं गळून पडली. एका बाजूला सबखा (समुद्राकाठची मीठ फुललेली सपाट जमीन) पापडासारखी पसरलेली, दुसऱ्या बाजूला वाळू, मधूनच कुंपणाआड ओळीनं लावलेली गाफची झाडं. हा गाफ म्हणजे दुसरंतिसरं कुणी नाही, आपल्या दसऱ्याची शमीच. इतक्या लांब येऊन ओळखीचं झाड उभं राहिलेलं बघितल्यावर मी हात जोडले. सई म्हणाली, "मामा, इट्स अ ट्री." मी म्हटलं, "बाळ, नात्यातलं आहे."

आणि रस्ता? सरळ. इतका सरळ की आमच्या गावातल्या कुठल्याही माणसाला तसं वागता यायचं नाही. समोर बघितलं तर तो क्षितिजाला टोचलेला दिसायचा. उजवीकडच्या लेनमधून ट्रकांची रांग चाललेली, डावीकडं मोकळंच मोकळं.

मग ती पाटी आली. पांढऱ्या गोलात लाल कडेच्या आत आकडा: एकशेसाठ.

"मेहुणे," दाजी म्हणाले, "तुम्ही तर म्हणाला होतात लिमिटच नाही."

"दाजी, एकशेसाठ म्हणजे आपल्यासारख्यांना नाहीच की. माझ्या स्कूटरला तर एवढं आयुष्यभरात बेरीज करून जमलेलं नाही."

त्यांनी मान डोलावली. एका पेट्रोल पंपावर थांबले. टायरची हवा बघितली, काच पुसली, सगळ्यांचे पट्टे ओढून बघितले, डब्यालासुद्धा पट्टा लावला. चष्मा पुसला. परत येऊन बसले तेव्हा त्यांचा चेहरा लग्नाच्या बोहल्यावर होता अगदी तसा होता, घाबरलेला आणि हरखलेला. मी त्या लग्नात कान पिळला होता, म्हणून खात्रीनं सांगतो.

"अहो, राहू द्या ना," ताई म्हणाली. "घंटी नाही वाजली तर काय अडणार आहे?"

"वाजणारच. शोरूमवाल्यानं सांगितलंय. सगळ्यांनी गप्प बसा, मला नीट ऐकू येऊ दे. यल्ला, चला!"

शंभर. एकशेदहा. गाडीत श्वासाचाही आवाज नाही. एकशेपंधरा. दाजींच्या ओठांवर हसू यायला लागलं. एकशेएकोणीस. त्यांनी डोळे किंचित बारीक केले, गाण्याच्या मैफलीत समेवर येताना करतात तसे.

एकशेवीस.

एकशेपंचवीस.

"वाजली?" दाजींनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

"जरा पुढं वाजत असेल."

एकशेतीस. माझा उजवा पाय आपोआप नसलेला ब्रेक दाबायला लागला. इतका दाबला की गाडीच्या पत्र्याला खाली पोक आलेलं असणार, गिऱ्हाईकानं तपासलं नाही म्हणून बरं. डावीकडचे ट्रक आता उलटे पळाल्यासारखे— डावीकडचे नव्हे, उजवीकडचे. तेव्हा मला डावंउजवं राहिलं नव्हतं.

"अजून वाजेना!"

एकशेचाळीस. दाजी पुढं झुकले, कान डॅशबोर्डाशी नेला. ज्या माणसानं सगळं आयुष्य शंभरवर काढलं तो आता निव्वळ घंटीची वाट बघत एकशेपंचेचाळीसनं चालला होता, आणि वाजल्याशिवाय पाय काढणार नव्हता. मी मनातल्या मनात इचलकरंजीतल्या सगळ्या देवांना नारळ बोललो. देव संपले तेव्हा कोल्हापूरचे घेतले.

एकशेपन्नास. दाजींचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "सुनंदा, घंटी का वाजत नाही गं?"

मागून उत्तर आलं ते सईचं. "पप्पा, प्लीज स्लो डाऊन. दॅट थिंग इज डेड. मम्मीनं काढून टाकलीय. आय वॉज लाइक, इन स्कूल."

दाजींनी पाय उचलला. काटा शांतपणे खाली येत गेला आणि शंभरवर, त्याच्या जुन्या जागी, येऊन थांबला. नुसता एसीचा आवाज.

पुढं तारिफचा फाटा आला. तिथून दक्षिणेला लिवाकडं वळायच्या आधी दाजींनी गाडी टपरीवजा हॉटेलापाशी घेतली. केरळी चहावाल्यानं काचेपाशी येऊन विचारलं, "चार करक?" (म्हणजे दुधात उकळून उकळून चामड्याच्या रंगाचा केलेला चहा, मी घेतला त्यात चमचा उभा राहिला आणि वर सलाम करत होता.) दाजींनी पेला हातात घेतला, पण पिईनात.

"बोल," ते म्हणाले.

ताईनं पदर सावरावा तशी ओढणी सावरली. "गणपतीत माझ्या मोदकांच्या ऑर्डरी असतात ना? शारजा, अजमान, जेबेल अली. उकडीचे मोदक, अहो. नैवेद्याची वेळ गाठायची, आणि ते गरम पोचायला हवेत. पाटीवर एकशेदहा, वरची वीसची सवलत. तेवढ्यात बसवून चालवायचे मी. एकही दंड नाही आजवर. पण एकशेवीसच्या पुढं गेलं की ही मेली घंटी टिंग टिंग टिंग. एका वर्षी इतकं डोकं उठलं की शारजातल्या इलेक्ट्रिशियनकडं गेले. त्यानं एक वायर काढली. पैसे घेतले नाहीत, मोदक घेतले."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"कसं सांगणार? तुम्ही पाहुण्यांना किती अभिमानानं सांगायचात, आपल्या गाडीची घंटी कधी वाजली नाही. त्या अभिमानाची वायर कोण काढणार?"

दाजी रस्त्याकडं बघत हळूच म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मी ज्या घंटीला घाबरून होतो, ती गाडीत नव्हतीच."

मी माझा चहा तेवढा संपवला. त्यांचापण.

लिवाचा रस्ता मी कधी विसरणार नाही. वाळूचा रंग आधी पांढरा, मग भाजणीच्या पिठासारखा, मग थेट जायफळ किसून टाकलेल्या बासुंदीसारखा. टेकड्यांमागं टेकड्या, त्यांच्या कडा सुरीनं कापल्यागत, आणि त्या सगळ्याच्या मधे खजुरीच्या बागा हिरव्यागार. उंट दिसले. एकानं माझ्याकडं असं पाहिलं की मी उगाचच शर्टाची इन केली. एवढं सौंदर्य समोर असताना आमच्या गाडीत मात्र दुखवटा. ताईनं दशमी पुढं केली, दाजींनी "नको" म्हटलं. शेंगदाण्याच्या चटणीला माणूस नको म्हणतो तेव्हा काळजीच करावी.

लिवाच्याही पुढं, जिथं सगळ्यांत उंच वाळूची टेकडी आहे, तिथं फोटो काढायला म्हणून दाजींनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. कडा कसली, वाळूच. गाडी अलगद बसली, म्हशीसारखी. दाजींनी एक्सलरेटर दाबला तशी आणखी बसली.

"आजचा दिवसच असा आहे," ते म्हणाले आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून राहिले.

मी हातांनी वाळू उपसायला घेतली. जेवढी काढली त्यापेक्षा जास्त आली. मी काढतोय हे बघून आसपासची वाळूसुद्धा मदतीला आली असावी. तेवढ्यात एक पिकअप येऊन थांबली. तीतून एक अमिराती गृहस्थ उतरले: पांढरी दाढी, पांढरा कंदुरा (घोळदार लांब अंगरखा), पायात चपला. आम्हाला बघून त्यांनी सरळ हिंदीतच सुरुवात केली.

"सलाम आलेकुम! किधर का? बंबई?"

"इचलकरंजी," मी म्हणालो.

"हां हां, बंबई." त्यांनी चाकांकडं पाहिलं. "हवा कम करो, हबीबी. ज्यादा हवा भरा है, इसलिए बैठ गया."

चारी टायरची हवा त्यांनी स्वतः वाकून कमी केली, पट्टा बांधला, आणि पिकअपनं गाडी अशी उचलून रस्त्यावर आणली जसं काही आईनं चिखलातलं पोर उचललं. मग पिकअपच्या मागच्या फळीवर थर्मास निघाला, गहवा (वेलदोडा घातलेली कडवट कॉफी) निघाली, त्यांच्या स्वतःच्या बागेतला खजूर निघाला. आमची थालीपीठं निघाली. अबू हमद म्हणा मला, असं ते म्हणाले, आणि दुसरं थालीपीठ उचललं.

"ये साहब का मुँह क्यूँ ऐसा?" त्यांनी दाजींकडं बघून विचारलं.

सांगू नये ते मी सांगितलं. तोडकीमोडकी हिंदी, पण हातवारे भरपूर. शंभरचा काटा, घंटीची वाट, एकशेपन्नास, आणि मोदक. मोदक म्हणजे काय हे सांगताना मला जास्त वेळ लागला.

अबू हमदांनी सगळं ऐकून घेतलं. मग ताईकडं वळून गंभीरपणे विचारलं, "मॅडम, मोदक ठंडा पहुँचा कभी?"

"कभी नहीं," ताई म्हणाली.

"माशाल्ला!" आणि ते हसायला लागले. दाढी हलली, कंदुरा हलला, माझ्या मते टेकडीवरची थोडी वाळूही घसरली. "साहब, मेरा बीवी लिवा से अबू धाबी जाता है, मैं साथ में आँख बंद करके बैठता है. वो मेरे को बोलता है, तुम दुआ करो, मैं गाडी चलाता है. काम बाँट लिया, खलास! तुम सौ में चलाया, घर सलामत. मॅडम तेज चलाया, मोदक गरम. अब किस बात का गुस्सा?"

दाजी आधी नाकातून हसले. मग तोंडातून. मग त्यांना असं हसू फुटलं की चष्मा काढून डोळे पुसावे लागले, आणि डोळे पुसून झाल्यावरही ते थोडा वेळ पुसतच राहिले. ताईनं पुन्हा दशमी पुढं केली. त्यांनी घेतली. चटणीही घेतली.

परतताना पंपावर हवा भरली, आणि महामार्गाला लागायच्या आधी दाजी गाडीतून उतरले. गाडीला पुढून वळसा घालून माझ्या दाराशी आले. "मेहुणे, मागं जा." मग किल्ल्यांचा जुडगा ताईपुढं धरला. "घे. मोदक आहेत समज."

"अहो, नको..."

"मला बघायचंय."

ताई बसली. सीट पुढं ओढली, आरसा एका बोटानं लावला, ओढणी खांद्यावरून मागं टाकली. आणि मंडळी, मी पुष्कळ अतिशयोक्ती करतो, पण इथं करत नाही, करायची गरजच नाही. माझी बहीण त्या रस्त्यावरून गाडी अशी घेऊन गेली जशी ती पुरणपोळी लाटते: कुठं जोर नाही, कुठं फाटत नाही, सगळीकडं सारखी. ट्रक मागं पडत गेले, सूर्य उतरत गेला, सबखा तांबूस झाली. दाजी तिच्याकडं बघत होते, रस्त्याकडं नाही. आपल्याच घरात इतकी वर्षं राहिलेलं कुणीतरी पहिल्यांदा भेटावं तसे.

काटा शंभरवर आला. एकशेदहावर. एकशेवीसला टेकला, पुढं सरकला.

"टिंग, टिंग, टिंग," दाजी म्हणाले.

ताईनं चमकून बघितलं. ते समोर बघत होते, चेहरा अगदी सरळ. "टिंग, टिंग, टिंग."

"अहो, पुरे."

"वेग कमी होईपर्यंत थांबत नाही. शोरूमवाल्यानं सांगितलंय."

ताईनं वेग कमी केला नाही. दुबईची हद्द येईपर्यंत आमचे दाजी घंटी वाजवत होते. मधे घसा कोरडा पडला तेव्हा सईनं पाणी दिलं आणि एक पाळी तिनं वाजवली.

सोमवारी गिऱ्हाईक आलं, त्यानं गाडीभोवती फिरून विचारलं, "एक ही आदमी चलाया ना?" दाजींनी पूर्वी छाती पुढं काढून 'हो' म्हटलं असतं. आता म्हणाले, "नहीं, दो. सौ तक मैं, उसके ऊपर मॅडम. और घंटी निकाली हुई है, चाहिए तो लगवा लो."

ती दोघं आता इचलकरंजीत आहेत. दाजी रोज संध्याकाळी माझ्या स्कूटरवर मागं बसून भाजीला येतात. मी तिथला तो क्षितिजाला टोचलेला रस्ता अजून लोकांना सांगतो, आणि दर वेळी तो थोडा लांबतो. पण खरं सांगायचं तर एवढ्या मोठ्या मोकळ्या रस्त्यावरून मी काय आणलं असेल, तर एक आवाज आणला. परवा पुलावरून येत होतो. काटा नेहमीप्रमाणे चाळीसवर. आणि मागून माझ्या कानाशी अचानक: टिंग, टिंग, टिंग.

"दाजी, मी वीसनं पण चालत नाहीये!"

"तुमच्यासाठी नाही, मेहुणे," ते म्हणाले आणि बोट दाखवलं. डाव्या बाजूनं एक स्कूटर सर्रकन पुढं गेली. मागच्या सीटवर दोरीनं घट्ट बांधलेला मोठा स्टीलचा डबा, झाकणाच्या फटीतून वाफ. त्या दिवशी चतुर्थी होती, आणि ताईला वेळ गाठायची होती.